लैंगिक गुन्हेगारांची यादी सगळ्यांना खुली करा: अमेरिकेत नेमकं काय झालं?

पालकसंघ_नाशिक यांनी विचारलं:

आमच्या पालक-शिक्षक संघाचं एक निवेदन तयार होतंय. मागणी अशी की अमेरिकेत असते तशी लैंगिक गुन्हेगारांची यादी नाव, फोटो, पत्त्यासह इंटरनेटवर खुली करावी. मसुद्यात तीन दावे आहेत. पहिला, अमेरिकेत या यादीमुळे मुलांवरचे अत्याचार कमी झाले. दुसरा, असे गुन्हेगार शंभरातले ऐंशी पुन्हा तोच गुन्हा करतात. तिसरा, भारतात अशी यादीच नाही.

सह्या घेण्याआधी हे तपासून घ्यायचं आहे. कायदा कसा आला, यादीत गेलेल्या माणसावर काय बंधनं येतात, फायदा झाला का, आणि आपल्याकडे नेमकं काय मागण्यासारखं आहे? विषय माहीत असलेल्यांनी सविस्तर लिहावं. निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं आहे, त्यामुळे चुकीचं काही जायला नको.

---

एडिसनकर:

तिन्ही दाव्यांत गडबड आहे. इतिहासापासून सुरू करतो, कारण बरीचशी गडबड तिथेच आहे.

लोकांना वाटतं की ही कल्पना नव्वदच्या दशकातली. तसं नाही. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिससारख्या शहरांनी शिक्षा झालेल्या सगळ्याच माणसांना पोलिसांत नाव नोंदवायला लावलं होतं. रोख होता टोळीवाल्यांवर. लैंगिक गुन्ह्यांसाठी राज्यभराची वेगळी नोंद पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने १९४७ मध्ये केली. ती फक्त पोलिसांसाठी होती आणि तिच्यात मोठ्या संख्येने समलिंगी पुरुष अडकवले गेले, संमतीच्या संबंधांसाठी. पुढे कित्येक वर्षं या नोंदींकडे कुणी फारसं बघतही नव्हतं.

चित्र बदललं १९८९ नंतर. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मिनेसोटात जेकब वेटरलिंग या ११ वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. १९९० मध्ये वॉशिंग्टन राज्याने शेजाऱ्यांना कळवण्याची तरतूद असलेला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये जेकबच्या नावाचा केंद्रीय कायदा आला: प्रत्येक राज्याने नोंद ठेवायची, नाही ठेवली तर पोलिसांसाठीच्या केंद्रीय अनुदानातले १० टक्के कापले जाणार. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू जर्सीत मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीचा खून झाला. समोरच्याच घरात राहणारा, आधी दोनदा शिक्षा भोगलेला माणूस, आणि आईवडिलांना काही ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांत राज्याचा कायदा झाला आणि १९९६ मध्ये केंद्राचा. 'मेगन्स लॉ' म्हणतात तो हाच. यात नोंदीइतकाच भर होता लोकांना कळवण्यावर.

निवेदन लिहिताना हा फरक धरून ठेवा. पोलिसांकडची नोंद वेगळी आणि लोकांना दिलेली यादी वेगळी. परिणामही वेगवेगळे निघाले.

मग २००६ चा केंद्राचा ॲडम वॉल्श कायदा. त्याने तीन श्रेण्या केल्या. पहिलीत १५ वर्षं, वर्षातून एकदा हजेरी. दुसरीत २५ वर्षं, दर सहा महिन्यांनी. तिसरीत जन्मभर, दर तीन महिन्यांनी. पत्ता, नोकरी किंवा कॉलेज बदललं तर तीन कामाच्या दिवसांत स्वतः जाऊन सांगायचं. गाडीचा नंबर, ईमेल, टोपणनावं, हाताचे ठसे, डीएनए, सगळं द्यायचं. हे चुकलं तर तो स्वतंत्र गुन्हा, केंद्रीय कायद्याखाली १० वर्षांपर्यंत कैद. मूळ शिक्षा वर्षाची आणि हजेरी चुकल्याची त्याहून मोठी, असंही होऊ शकतं.

या श्रेण्या कलमावरून ठरतात, माणूस किती धोकादायक आहे यावरून नाही. बहुतेक राज्यांनी हा कायदा पूर्ण लागू केलेलाच नाही. अनुदान कापलेलं परवडतं, अंमलबजावणी परवडत नाही, असा सरळ हिशोब काहींनी केला.

न्यू जर्सीची पद्धत वेगळी आहे आणि तुम्हाला उपयोगी पडेल. इथे १३ निकषांचा तक्ता भरून धोका मोजतात. कमी धोका असेल तर फक्त पोलिसांना माहिती. मध्यम असेल तर शाळा आणि मुलांच्या संस्थांना. जास्त असेल तर परिसरात घरोघरी. लोकांना कळवण्याआधी त्या माणसाला न्यायाधीशासमोर हरकत घेता येते. ही अट १९९५ च्या डो विरुद्ध पोरिट्झ निकालातून आली.

---

आकडेमोड:

ऐंशी टक्क्यांचा आकडा आधी काढून टाका. त्याची गोष्ट मजेशीर आहे, आणि वाईटही.

२००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात लिहिलं की उपचार न घेतलेल्या लैंगिक गुन्हेगारांचं पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज आहे. पुढच्याच वर्षी स्मिथ विरुद्ध डो या खटल्यात 'भयावह आणि मोठं' असे शब्द वापरून न्यायालयाने अलास्काची यादी वैध ठरवली. ही शिक्षा नाही, प्रशासकीय उपाय आहे, म्हणून जुन्या गुन्हेगारांनाही लावता येईल, असं म्हटलं. आता ८० आला कुठून? १९८८ च्या एका सरकारी मार्गदर्शिकेतून. तिच्यात कुठून? १९८६ मध्ये एका लोकप्रिय मानसशास्त्रीय मासिकात छापलेल्या लेखातून. लेख लिहिणारा तुरुंगात उपचार-कार्यक्रम चालवायचा. त्याने एका वाक्यात आकडा दिला, पुरावा काहीच नाही. २०१५ मध्ये दोघा अभ्यासकांनी हा माग काढला तोवर तो आकडा कित्येक निकालांत जाऊन बसला होता.

मोजलेले आकडे असे आहेत. अमेरिकेच्या न्याय सांख्यिकी विभागाने १९९४ मध्ये १५ राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेले ९,६९१ पुरुष पाहिले. तीन वर्षांत लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झालेले ५.३ टक्के. त्याच विभागाच्या २०१९ च्या अहवालात नऊ वर्षांत बलात्कार किंवा लैंगिक हल्ल्यासाठी पुन्हा अटक झालेले ७.७ टक्के.

यादीचा परिणाम झाला का, यावर तीन अभ्यास पुरेसे आहेत.

न्यू जर्सीच्या २००८ च्या अभ्यासाने कायद्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वर्षं तपासली. लैंगिक गुन्हे कायद्याच्या आधीपासूनच घटत होते. पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात कायद्याने फरक पडलेला दिसला नाही. २००७ चा खर्च मात्र सुमारे ३९ लाख डॉलर, तोही फक्त माहिती देणाऱ्या १५ काउंट्यांचा, म्हणजे जिल्ह्यांचा.

न्यूयॉर्कच्या त्याच वर्षीच्या अभ्यासात लैंगिक गुन्ह्यांसाठी अटक झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोकांना आधी अशा गुन्ह्यात शिक्षाच झालेली नव्हती. म्हणजे यादी कितीही चोख ठेवली तरी ती माणसं तिच्यात नसतीच.

प्रेस्कॉट आणि रॉकॉफ यांचा २०११ चा अभ्यास मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पोलिसांकडे नोंद असली की ओळखीतल्या लोकांवरचे गुन्हे घटले, कारण माणूस कुठे आहे हे पोलिसांना ठाऊक असतं. यादी लोकांना खुली केली की यादीतल्यांचं पुन्हा गुन्हा करणं वाढण्याकडे कल दिसला. घर नाही, नोकरी नाही, जवळ कुणी उभं करत नाही. सुधारून मिळवण्यासारखं काही उरलं नाही की कायदा पाळण्याचं कारणही उरत नाही.

---

स्पष्टच_बोलते:

५.३ टक्के म्हणजे पुन्हा *अटक*, पुन्हा *गुन्हा* नव्हे. मुलांवरचे किती गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतात? हा आकडा असा मोकळा टाकला की गुन्हेगार फारसे धोकादायक नसतात असा अर्थ निघतो. निवेदनात तेही जायला नको.

---

आकडेमोड:

हरकत बरोबर आहे. ५.३ ही तळाची मर्यादा समजा. जास्त काळ माग ठेवला तर आकडा वाढतो: हॅरिस आणि हॅन्सन यांच्या २००४ च्या अहवालात पाच वर्षांत १४ टक्के, १५ वर्षांत २४ टक्के. तरी ८० नाही. आणि ही सरासरी सगळ्यांना सारखी लागू नाही. हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की सुटकेच्या वेळी जास्त धोक्याचे मानलेल्यांत पाच वर्षांत पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण २२ टक्के होतं. त्यांच्यातलेच जे बाहेर दहा वर्षं गुन्ह्याविना राहिले, त्यांचं पुढचं प्रमाण ४.२ टक्के. म्हणून जन्मभराची नोंद सरसकट ठेवणं म्हणजे पोलिसांचा वेळ चुकीच्या माणसांवर घालवणं. कॅलिफोर्नियाने ७० वर्षांनी हे मान्य केलं. तिथे आधी सगळ्यांनाच जन्मठेपेसारखी नोंद होती. १ जानेवारी २०२१ पासून १० वर्षं, २० वर्षं आणि जन्मभर अशा तीन पायऱ्या आहेत.

---

एडिसनकर:

राहण्यावरच्या बंदीबद्दल लिहायचं राहिलं. निवेदनात कुणीतरी 'शाळेपासून अमुक अंतरावर राहू देऊ नये' हे घुसडेलच, म्हणून आधीच सांगतो.

आयोवाने शाळा आणि पाळणाघरांपासून २,००० फूट, म्हणजे साधारण ६१० मीटर, बंदी घातली. शहरांत राहायला जागाच उरली नाही. लोकांनी खोटे पत्ते दिले, गाड्यांत झोपले, महामार्गावरच्या थांब्यांचे पत्ते लिहिले. पत्ता न लागणाऱ्यांची संख्या दुपटीहून वाढली. शेवटी २००६ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांच्याच संघटनेने बंदी उठवा म्हणून निवेदन दिलं. आरोपींच्या वकिलांनी नव्हे हं, सरकारी वकिलांनी. २००९ मध्ये ती फक्त गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवली.

मायामीत तर २,५०० फुटांची बंदी होती. मग सुटलेली माणसं ज्युलिया टटल पुलाखाली तंबू टाकून राहू लागली. त्यांच्या सरकारी कागदावर पत्ता होता तो पूल.

मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने २००७ मध्ये पुन्हा तुरुंगात आलेल्या २२४ जणांचे गुन्हे एकेक करून तपासले. राहण्याच्या बंदीने थांबला असता असा एकही सापडला नाही. गुन्हेगार शाळेच्या कुंपणाशी मूल गाठत नाही. तो मुलाच्या आईशी ओळख काढून घरात येतो.

दादर किंवा नाशिकच्या नकाशावर प्रत्येक शाळा, बालवाडी आणि क्लासभोवती ६१० मीटरचं वर्तुळ काढून बघा. गोदावरीचं पात्र तेवढं उरेल.

जेकबचं पुढे काय झालं तेही लिहितो. २०१६ मध्ये त्याचे अवशेष सापडले. मारणारा तेव्हा संशयितांत होता, पण लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला नव्हता. ज्या मुलाच्या नावाचा कायदा, त्याचा मारेकरी त्या कायद्याच्या यादीत आलाच नसता. त्याची आई पॅटी वेटरलिंग, जिने हा कायदा करवून घेतला, तीच पुढे सरसकट यादीविरुद्ध बोलू लागली. अल्पवयीन मुलांनाही त्यात टाकतात, याला तिचा खास विरोध.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. चॅटवर १४ वर्षांची मुलगी म्हणून बोलणारा पोलीस निघाला तरी गुन्हा होतो आणि यादीत नाव जातं. व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्याला मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची शिक्षा झाली तर हद्दपारी जवळपास ठरलेलीच. नागरिक असलेल्याला अशा शिक्षेनंतर बायकोसाठी ग्रीन कार्डचा अर्जही करता येत नाही, आपल्यापासून तिला धोका नाही हे सरकारला पटवल्याशिवाय. २०१६ च्या कायद्यानुसार मुलांवरच्या गुन्ह्यासाठी नोंद असलेल्याच्या पासपोर्टवर तसा शेरा छापतात, आणि परदेशी जाण्याआधी २१ दिवस कळवावं लागतं. ती सूचना त्या देशाला जाते, भारतालाही. फौजदारी वकील 'तुरुंग टळतोय, गुन्हा कबूल कर' म्हणाला तरी सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा.

---

चौकीबाहेर:

आता तिसरा दावा. भारतात यादी आहे. २० सप्टेंबर २०१८ पासून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे, लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीपेढी आहे. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि छेडछाडीत शिक्षा झालेले लोक. राज्यांना २००५ पासूनची माहिती भरायला सांगितलेली आहे. ती दिसते फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना. शाळेला, पालकाला, सोसायटीला नाही. 'यादी करा' अशी मागणी दिली तर 'आहे' एवढंच उत्तर येईल आणि फाईल बंद.

खरी उणीव वेगळी आहे. या माहितीपेढीमागे स्वतःचा कायदा नाही. ती प्रशासकीय निर्णयावर उभी आहे. नाव किती वर्षं ठेवायचं, अपिलात सुटला तर किती दिवसांत काढायचं, चुकीची नोंद असेल तर अर्ज कुणाकडे, हे कुठल्याही अधिनियमात लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणावर येणाऱ्या कुठल्याही बंधनाला कायद्याचा आधार लागतो. तेव्हा उद्या कुणी न्यायालयात गेलं तर पहिला प्रश्न हाच येईल.

यादी खुली केली तर इथे एक अडचण येते ती अमेरिकेपेक्षा मोठी आहे. एनसीआरबीच्याच आकड्यांत पॉक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात. बाप, काका, शेजारी, शिकवणारा. त्याचं नाव, गाव आणि कलम इंटरनेटवर टाकलं की मूल कोण ते गावाला दोन मिनिटांत कळतं. पॉक्सोचं कलम २३ मुलाचं नावच नव्हे, कुटुंबाचे तपशील, शाळा, शेजार, असं ओळख पटवणारं काहीही माध्यमांत छापायला मनाई करतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्येही पीडिताची ओळख उघड करायला मनाई आहे. म्हणजे मुलाला वाचवायला केलेली यादी मुलालाच उघडं पाडणार. न्यू जर्सीलाही हे कळलं. तिथे घरातल्या घरात घडलेल्या ठरावीक गुन्ह्यांची नावं इंटरनेटवरच्या यादीतून वगळतात. आणि बापाचं नाव जगजाहीर होणार म्हटल्यावर किती आया तक्रार द्यायला येतील, हाही विचार करा. घरातून आधीच दबाव असतो, त्यात ही भर.

आणखी एक. पॉक्सोत वय १८. पळून गेलेली १७ वर्षांची मुलगी आणि १९ वर्षांचा मुलगा, तक्रार मुलीच्या बापाची. शिक्षा झाली तर तो मुलगाही त्याच यादीत, सहा वर्षांच्या मुलावर अत्याचार करणाऱ्याच्या शेजारी. बालकांच्या बाबतीत तरी बाल न्याय कायद्याचं कलम २४ आहे: गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता येऊ नये. १९ वाल्याला ते नाही.

सरकारी यादीत नाव जाणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला शिकवायला नको खरं तर. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, मुंबई इलाख्यात १९११ पासून. नोंद, हजेरी, गाव सोडायला परवाना. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखली जाते. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण पारधी वस्तीत चोरीच्या रात्री पोलीस पहिले कुणाकडे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे नोंद जन्मावरून होती, इथे शिक्षेवरून आहे, हा फरक मोठा आहेच. पण वहीतून नाव काढायची वाट आधी लिहून ठेवली नाही तर ते निघत नाही, एवढं त्यातून घ्या.

---

लीड्सहून:

ब्रिटनचा मधला मार्गही बघा. नोंद १९९७ च्या कायद्याने आली आणि ती पोलिसांकडेच राहते, इंटरनेटवर नाही. ३० महिने किंवा अधिक कैद झाली तर मुदत बेमुदत, सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेला सात वर्षं, अठराखालच्यांना निम्मी. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फेरविचाराची सोय नसलेली बेमुदत नोंद चालणार नाही. मग १५ वर्षांनी अर्ज करायची तरतूद झाली.

पालकांसाठी वेगळी सोय आहे, तिला 'सारा'ज लॉ' म्हणतात. मुलाच्या संपर्कात आलेल्या *विशिष्ट* माणसाबद्दल पोलिसांना विचारता येतं. पोलीस तपासतात आणि धोका वाटला तर मुलाचं रक्षण करू शकेल त्या व्यक्तीलाच सांगतात, गुप्त ठेवण्याच्या अटीवर. अख्ख्या गल्लीची यादी मिळत नाही. २००० मध्ये एका वृत्तपत्राने नावं-फोटो छापायला सुरुवात केली होती. त्याच सुमारास वेल्समधल्या एका बालरोगतज्ज्ञ (पीडियाट्रिशियन) बाईंच्या घरावर 'पीडो', म्हणजे मुलांवर अत्याचार करणारी (पीडोफाइल), असं रंगवलं गेलं. हुद्द्याचं नाव तेवढं सारखं वाटलं म्हणून.

---

पालकसंघ_नाशिक:

सगळ्यांचे आभार. तिन्ही दावे काढले. मग मागायचं काय? आणि शाळेच्या बसचा चालक, शिपाई, कंत्राटदाराची माणसं यांचं आत्ता काय करता येईल?

---

चौकीबाहेर:

आत्ताचं आधी. पॉक्सो नियम २०२० मधला नियम ३ बघा. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने शिक्षक-शिक्षकेतर, कायम-कंत्राटी सगळ्यांची पोलीस पडताळणी करायची आहे, आणि तीही ठरावीक काळाने पुन्हा. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय काढला. त्यात चारित्र्य पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी-सावित्री समिती (शाळेतली मुलांच्या सुरक्षेची समिती) हे सगळं आहे. मुख्याध्यापकांकडे या दोन कागदांचा हवाला देऊन लेखी विचारा: एकूण कर्मचारी किती, पडताळणी किती जणांची झाली, कोणत्या तारखेला, कंत्राटी किती. चौथ्या प्रश्नावर बहुतेक शाळा अडखळतात. बस आणि सफाईची माणसं ठेकेदाराची, त्यांचे कागद ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराने माणूस बदलला की शाळेला पत्ताच नाही. ठेक्याच्या करारात 'पडताळणी झाल्याशिवाय बदली माणूस आवारात येणार नाही' हे वाक्य घालून घ्या.

पडताळणीत चुकतं ते पत्त्यात. माणूस फक्त सध्याचा पत्ता देतो, त्या हद्दीतलं पोलीस ठाणे आपल्याकडे काही नाही म्हणून दाखला देतं, आणि आधीच्या जिल्ह्यातलं प्रकरण निसटतं. म्हणून मागच्या दहा वर्षांतले सगळे पत्ते आणि आधीच्या नोकऱ्या अर्जासोबत लिहून घ्या, मूळ ओळखपत्र बघून. नावाचं स्पेलिंग दाखल्यावर आणि आधारवर एकच आहे का तेही. दाखला त्या तारखेपुरता असतो. तीन वर्षांपूर्वीचा फायलीत लावून चालत नाही.

निवेदनासाठी माझ्या मते मागण्या या: पडताळणी करताना ठाण्याने स्थानिक नोंदीबरोबर राष्ट्रीय माहितीपेढीही तपासली असं दाखल्यावर लिहून यावं. माहितीपेढीला कायद्याचा आधार द्यावा, त्यात मुदत, श्रेणी आणि नाव काढण्याची पद्धत असावी. आणि लीड्सच्या मित्राने सांगितलं तसा, विशिष्ट माणसाबद्दल विचारण्याचा मार्ग पालकांना मिळावा.

---

स्पष्टच_बोलते:

यात एक जोडा. पडताळणी झालेला माणूस पहिल्यांदाच गुन्हा करणारा असू शकतो, न्यूयॉर्कचा आकडा वर आहेच. म्हणून बसमध्ये महिला मदतनीस, लहान वर्गांच्या स्वच्छतागृहाशी बाई कर्मचारी, वर्गाच्या दाराला काच, आणि तक्रारपेटीची किल्ली मुख्याध्यापकांकडे *नको*, समितीकडे. तसंच पॉक्सोचं कलम १९ शाळेच्या फलकावर लावा: कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आधी संस्थेत चौकशी करू' असा पर्याय कायद्यात नाही. संस्थाप्रमुखाने दडवलं तर कलम २१ खाली वर्षापर्यंत कैद.

---

पालकसंघ_नाशिक:

किल्लीचं लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे ती मुख्याध्यापकांच्याच ड्रॉवरमध्ये आहे. सोमवारी पहिलं पत्र तेच देतो. निवेदनाचा नवा मसुदा झाला की इथे टाकेन, कलमं कुणीतरी तपासून द्या.